खाली बसून पाहणाऱ्यांचा पडदा

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शाळेत फुगीर काचेचा संगणक जाऊन सपाट पडद्याचा आला, तेव्हा मी हौसेने उर्दूची एक ओळ टाइप करून दाखवली. संगणक टेबलावर, मुले सतरंजीवर. पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, “सर, नुक्ते दिसत नाहीत.”

उर्दूत नुक्ता पुसला की ‘दगा’ची ‘दुआ’ होते. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. खरेच, पडदा काळवंडला होता, रंग उलटे झाले होते. उठून उभा राहिलो तर सगळे स्वच्छ!

दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता. १८९७ साली जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी जी नळी बनवली, तिच्यात काचेवरचा लेप स्वतः चमकतो. दिव्यासारखा त्याचा उजेड चहूकडे जातो. सपाट पडद्यात दिवा मागे असतो आणि पुढे द्रवस्फटिकाचे लांबट रेणू खिडकीच्या पट्ट्यांसारखे वळून उजेड सोडतात किंवा अडवतात. ही रचना शाड्ट आणि हेलफ्रिश यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये केली. पट्ट्यांच्या खिडकीतून समोरून दिसते तसे खालून दिसत नाही, इथेही तेच.

यावरच्या उपायाचा एक धागा आपल्या विदर्भापर्यंत येतो. शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झाले. नोबेल मिळवणारे चंद्रशेखर ते हे नव्हेत, पण दोघेही सर सी. व्ही. रामन यांच्याच नात्यातले. हे त्यांचे भाचे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की रेणू लांबट नसून चकतीसारखे चपटे असले तरी द्रवस्फटिक बनतो. तोवर तसे कुणाला आढळले नव्हते. शोध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात छापला गेला.

पुढे १९९०च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने अशाच चपट्या रेणूंचा पातळ थर पडद्यावर बसवला. लांबट रेणूंमुळे तिरप्या उजेडात होणारा बिघाड चपटे रेणू भरून काढतात. बाजूला बसणाऱ्यांची सोय झाली; खालून पाहणाऱ्यांची मात्र पूर्ण झाली नाही. त्याच दशकात हिताचीने रेणू पडद्याला समांतर फिरवण्याची पद्धत आणली आणि तीही अडचण जवळजवळ संपली. पण असे पडदे बरीच वर्षे महागच राहिले आणि शाळांच्या वाट्याला स्वस्तातले आले.

त्या दिवशी आम्ही टेबल बाजूला सारून संगणक चौरंगावर ठेवला. नुक्ते परत आले. पडदा पसंत करणारा माणूस नेहमी त्याच्या समोर उभा असतो, म्हणून आता शाळेसाठी खरेदीला गेलो की मी दुकानात खाली फरशीवर बसून पाहतो. दुकानदार हसतो. हसू दे.