कोकणातले जुने घर आणि उतार

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत खाडीपासून आत असलेले कुठलेही गाव पाहिले, तर जमिनीची वाटणी बरीचशी सारखी दिसते. डोक्यावर जांभ्याचा उघडा सडा, तळाशी व्हाळाच्या दोन्ही अंगांना भाताचे मळे, आणि या दोहोंच्या मधल्या उतारावर घरे. गुहागर, केळशी, दिवेआगर अशी समुद्राकाठची गावे याला अपवाद आहेत. तिथे वाळूच्या सपाट पट्ट्यावर नारळी-पोफळीच्या आगरांत घरे बसली. पण आतल्या कोकणात वाडी म्हणजे उतार, आणि वाडीत फिरायचे म्हणजे जांभ्याच्या पाखाडीने चढायचे-उतरायचे. या घरांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. खळे, पडवी, ओटी, माजघर, देवघर, मागचे दार, परसू हा क्रम मराठी वाचकाला पाठ आहे. या क्रमामागचे कारण सांगताना मात्र आपण कुटुंबपद्धती, सोवळेओवळे आणि रूढी यांच्यापाशी थांबतो. ते कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. या घराचा आराखडा मुळात उतार आणि पाऊस यांच्याशी केलेला हिशेब आहे. समाजाने त्या हिशेबावर आपले अर्थ नंतर चढवले. घराकडे वरून न पाहता बाजूने, म्हणजे कापलेल्या छेदात पाहिले, की हे दिसू लागते.

आधी घरे उतारावर का गेली ते पाहू. कोकणात सपाट आणि ओल धरणारी जमीन थोडी, आणि तीच भाताची. तिच्यावर घर बांधणे म्हणजे वर्षाचे धान्य जोत्याखाली गाडणे. सड्यावर माती बोटभर, पावसाळ्यात वाऱ्याला आडोसा नाही आणि पाऊस सरला की पाणी टिकत नाही. राहता राहिला मधला उतार. त्यातला वरचा भाग नाचणी-वरीच्या वरकस शेतीला आणि उरलेला घरांना. यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. गावची जमीन खोताच्या हातात असताना कुळाला जागा निवडायची मुभा होती कुठे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडले. त्याआधीच्या पिढ्या जिथे बसवल्या तिथे बसल्या. मग सक्तीलाच शहाणपण म्हणायचे का? माझे उत्तर असे की घर उतारावर का आले हे सक्तीने कळते. ते उतारावर कसे उभे राहिले, हे सक्तीने कळत नाही. खोताचे चौसोपी घर आणि कुळाचे दोन खणांचे घर यांत श्रीमंतीचे अंतर प्रचंड होते. तरी दोन्हींत पडवी खाली, माजघर वर, मागे दरड आणि दरडीशी चर हीच रचना सापडते. ज्याला निवड होती आणि ज्याला नव्हती, ते दोघेही बांधणीत एकाच उत्तरापाशी पोचले असतील, तर ते उत्तर जागेनेच शिकवले असले पाहिजे.

पडवीची पायरी जवळून पाहू. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि तो वाऱ्याबरोबर तिरका येतो. भिंत मातीची असो वा जांभ्याची, तिला झडीपासून वाचवायचे तर छपराची पाख बरीच पुढे आणून खाली उतरवावी लागते. आता हिशेब करा. पाखेला तीस अंशांचा उतार असेल तर आठ फूट रुंदीच्या पडवीवर ती साडेचार फुटांहून थोडी अधिक खाली येते. ओटीच्या भिंतीशी छप्पर दहा फुटांवर असेल, तर पडवीच्या कडेला, त्याच जमिनीपासून मोजल्यास, जेमतेम साडेपाच फूट उरतात. उभ्या माणसाचे डोके वाशाला लागेल. गवताच्या छपराला उतार आणखी जास्त लागतो, म्हणजे अडचणही जास्त. सुटका दोनच. भिंती उंच करायच्या, मग पावसाला तोंड द्यायला उघडी भिंतही वाढते आणि लाकूडही जास्त लागते. नाही तर पडवीची जमीन दीड फूट खाली घ्यायची. तेवढ्याने डोक्यावर पुरेशी जागा मिळते, आणि पागोळ्या खळ्याच्या कडेला इतक्या खाली पडतात की वाऱ्याने उडणारे पाणी भिंतीपर्यंत पोचत नाही. सपाट जमिनीवर हे साधायचे तर सगळ्या माजघराखाली भराव घालावा लागला असता. उतारावर ती उंची जमिनीनेच दिलेली असते. पडवी, तिच्या वर एक-दोन पायऱ्यांनी ओटी, ओटीच्या वर माजघर, अशी जमीन चढते तसे घर चढते आणि छप्पर उलट दिशेने उतरते. या दोन उतारांच्या मधली जागा म्हणजे कोकणातले घर. मागच्या बाजूला नेमका उलटा पेच येतो. तिथे जमीन वर चढत असते, त्यामुळे मागची पाख फार लांबवता येत नाही. लांबवली तर पागोळ्या दरडीला टेकतात. मागच्या खोल्या अरुंद आणि अंधाऱ्या राहतात याचे एक कारण हे आहे. त्या अंधारात बायकांचे आयुष्य गेले, हेही या हिशेबातच धरायला हवे.

पायाचा विचारही असाच. उतारावर घर बसवायचे तर मागची जमीन थोडी खोदायची आणि निघालेले पुढे टाकून जोते भरायचे. खोदून उघडी पडलेली जमीन मूळची, घट्ट. भरावाची जमीन पुढची काही वर्षे खचत राहणार. वजनदार भिंतींचे माजघर मागे, मूळ जमिनीवर. आणि लाकडी खांबांवरची हलकी पडवी पुढे, भरावावर. पडवीचा एखादा खांब बोटभर खचला तर पाचर मारून भागते. माजघराची भिंत खचली तर घरच जाते. जांभा या कामाला फार सोयीचा दगड आहे. ताजा असताना तो कुऱ्हाडीच्या जातीच्या हत्याराने तासता येतो आणि वाऱ्यावर राहिला की टणक होतो. फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली मलबारातल्या अंगाडीपुरमच्या वर्णनात या दगडाला त्याचे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याच्या नजरेत भरला होता तो हाच गुण. खाणीतून काढलेला चिरा फार लांब न नेता जोत्याला लावायचा. उरलेल्या आडव्यातिडव्या दगडांचा गडगा रचायचा. गडग्याला चुना-माती नसते, म्हणून पावसाचे पाणी फटींतून निथळते आणि मागच्या मातीचा दाब साचत नाही. घराच्या पाठभिंतीत आणि दरडीत जागा सोडून तिथे चर काढायचा, वरून येणारे पाणी घराला वळसा घालून दोन्ही बाजूंनी पऱ्याला सोडायचे. हा चर बुजला तर एका पावसाळ्यात माजघराला ओल चढते. घराच्या टिकाऊपणात चिऱ्यापेक्षाही या चराचा वाटा मोठा आहे असे मला वाटते, आणि जुन्या घरांच्या छायाचित्रांत तो जवळजवळ कधीच दिसत नाही याची खंतही वाटते.

आता समाजाकडे वळू, कारण कोणी म्हणेल की ही सगळी गणिते ठीक, पण ओटीची पायरी खरी होती ती जातीची. खळ्यात कोण थांबणार, पडवीपर्यंत कोण येणार, ओटीवर कोणाला बसायला देणार आणि माजघराचा उंबरा कोण ओलांडणार, हे ठरलेले होते आणि अपमानकारक होते. यात सौम्य करण्यासारखे काही नाही. पण ही उतरंड देशावरच्या वाड्यातही तितकीच कडक होती. तिथे ती दिंडी दरवाजा, चौक, सोपा आणि आतला चौक अशी मुख्यतः खोलीत मांडली गेली. भेदभावाला पायऱ्याच लागतात असे नाही. सपाटीवर त्याने उंबरे वापरले. उलट, ज्या घरात पाहुण्यांची अशी प्रतवारी करायला फारसे कोणी येतच नसे, त्या कुळाच्या घरातही पडवी खालीच होती. समाजाला उतारावर तयार पायऱ्या मिळाल्या आणि त्याने त्यांचा वाईट उपयोगही केला, एवढे नक्की म्हणता येते. दुसरा भार पाण्याचा. विहीर साहजिकच उताराच्या खालच्या अंगाला, पाणी लागते तिथे, घर वर. दिवसातून कित्येकदा भरल्या कळशीने पाखाडी चढणाऱ्या बायकांच्या पाठीवर हा आराखडा उभा होता. त्याचा गौरव करताना ही किंमत वगळली तर तो इतिहास राहत नाही.

बदलाची पहिली चाहूल कौलांनी दिली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या दशकांत ती कौले गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरू लागली. गवत आणि नळीची कौले हळूहळू मागे पडली. दरवर्षीची शाकारणी वाचली, पण पाख उतरतीच राहिल्याने घराचा छेद फारसा बदलला नाही. तो बदलला स्लॅबने. छप्पर सपाट झाल्यावर पडवी खाली घेण्याचे कारण उरले नाही, आणि सगळे घर एका पातळीवर घेण्याची सोय झाली. त्यात जेसीबी आला. आधी आठवड्यांचे असलेले खोदकाम दिवसावर आले, आणि शहरातल्या सपाट प्लॉटसाठी काढलेला नकाशा उतारावर जसाच्या तसा बसवायचा तर डोंगर उभा कापणे हाच सोपा मार्ग ठरला. इथे जांभ्याखालची जमीन आडवी येते. वरचा जांभा टणक असला तरी त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ, चिकट शेडी असते. जांभ्यातून झिरपलेले पाणी शेडीवर अडते आणि तिच्या माथ्यावरून बाहेर पडते. तीन-चार फुटांची दरड सहसा शेडीपर्यंत जात नाही. बारा-पंधरा फुटांची उभी दरड ती उघडी पाडू शकते, आणि भिजलेली शेडी उभी राहत नाही. याचा मोठा पुरावा कोकण रेल्वेने दिला आहे. १९९८ साली पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या, आणि खोल कापण्यांमधल्या दरडींनी पावसाळ्यात वारंवार वाहतूक अडवली. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने गाडी घसरून पन्नासच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर कापण्यांचे उतार कमी करणे, त्यांना टप्पे देणे, जाळ्या बसवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली, आणि पावसाळ्यात कमी वेगाचे वेगळे वेळापत्रक आजही लागते. ज्या यंत्रणेकडे अभियंते आणि पैसा होता तिला टप्प्यांकडे वळावे लागले. घरमालकाकडे यातले काहीच नसते.

याला प्रतिवाद म्हणून तळीये दाखवले जाईल. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर कडा कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. मग उतारावरचे जुने वसणेच धोक्याचे नव्हते का? तळीये सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी, खड्या डोंगराखाली होते. तिथे आख्खा डोंगर सुटला. कुठल्याही जोत्याने किंवा चराने तो थांबला नसता. अशा जागी प्रश्न घराच्या आराखड्याचा राहत नाही, वस्ती हलवण्याचा असतो, आणि तो सरकारने पावसाआधी सोडवायचा असतो. मधल्या कोकणातल्या मंद उतारांची गोष्ट निराळी आहे. तिथे दरवर्षी घरामागची दरड स्वयंपाकघरात येते, ती बहुधा माणसाने कापलेली असते.

जुने घर जसेच्या तसे परत बांधा, असे कोणी सुचवले तर ते मला मान्य नाही. वयस्क माणसांना खोलीखोलीत पायऱ्या नकोत, अंधारे स्वयंपाकघर कोणालाच नको, आणि नळाचे पाणी आल्यावर विहिरीजवळ उतरायचे कारण नाही. पण जुन्या घरातला एक धडा आजच्या गरजांसाठी जसाच्या तसा उपयोगी आहे: घर उताराच्या आडवे लांब असावे, उताराच्या दिशेने अरुंद. सहा फुटांना एक फूट उतार असलेल्या जागेवर छत्तीस फूट खोलीचे चौरस घर घेतले, तर पुढच्या-मागच्या जमिनीत सहा फुटांचा फरक पडतो. अर्धे खोदून अर्धे भरले तरी मागे तीन फुटांची दरड आणि पुढे तीन फुटांचे जोते. आणि सगळे खोदूनच सपाट केले तर मागे सहा फुटांची उभी दरड, चौपट खोदाईसह. तेच क्षेत्रफळ अठरा फूट खोली आणि बहात्तर फूट लांबी असे घेतले, तर फरक तीन फुटांवर येतो, दरड आणि जोते दीड-दीड फुटांचे राहतात, एकूण खोदाई चौरस घराच्या निम्म्यावर येते आणि सगळ्या खोल्या एकाच पातळीवर मिळतात. पडवी तेवढी दीड फूट खाली घेतली तर पुढचे भरलेले जोतेही जवळजवळ लागत नाही.