अंजनाबाई गावित : एका धंद्याची हकीकत



गोदाकाठच्या पटांगणात इतिहासावर बोलावयास कोणी उभा राहिला की श्रोत्यांची अपेक्षा राजवाड्यांची आणि रणांगणांची असते. मी कामगारांत वावरलेला माणूस. माझ्या वाट्याला आलेला विषय त्याहून पुष्कळच ओंगळ आहे. पण तो आपल्या घरचा आहे. 1990 ते 1996 या सहा वर्षांत अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांनी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या गावांतून तेरा मुले पळविली आणि त्यांतील नऊ मारली, असा त्यांच्यावर आरोप होता. हे सारे उजेडात आले ते मात्र नाशकात, एका आईच्या तक्रारीमुळे. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

प्रथम अंजनाबाईची जन्मकथा पाहू. ती थोडक्यात संपते. तरुणपणी ती एका ट्रक-ड्रायव्हरबरोबर घर सोडून गेली. रेणुका झाली आणि तो माणूस तिला टाकून निघून गेला. पोटासाठी ती खिसे कापू लागली, गर्दीत बायकांच्या गळ्यातील डाग ओढू लागली. पुढे गावित नावाच्या गृहस्थाशी तिचा दुसरा संसार झाला, सीमा झाली, आणि त्यानेही तिला सोडून दुसरे लग्न केले. मुली मोठ्या होत गेल्या तशा आईच्या धंद्यात आल्या. देवळे, जत्रा, मोटारस्टँड ही त्यांची कामाची ठिकाणे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, गरिबीने आणि नवऱ्याने तिला असे केले. माझ्यासारख्या कामगार कार्यकर्त्याकडून तर हेच उत्तर लोकांना हवे असते. ते मी देणार नाही. सिन्नरला जाऊन पाहा. नवऱ्याने टाकलेल्या कितीतरी बायांनी तेथे विड्या वळून लेकरे वाढविली. त्यांच्या गरिबीचा दाखला देऊन अंजनाबाईचे पाप धुणे हा त्या बायांचा अपमान होय. गरिबीने ती चोर का झाली हे कदाचित समजेल. चोराची खुनी का झाली हे समजत नाही. त्याचे कारण 1990 साली पुण्याच्या एका देवळात घडलेल्या प्रसंगात आहे.

त्या दिवशी रेणुका चोरी करताना पकडली गेली. तिच्या कडेवर तिचा स्वतःचा लहान मुलगा होता. लोकांनी घेरल्यावर तिने त्याला पुढे केले : लेकुरवाळी बाई कधी चोरी करील काय? गर्दीला ते पटले आणि रेणुका सुटली. गर्दी काही मूर्ख नव्हती. आपणही तेथे असतो तर बाजूला झालो असतो. पण या तिघींनी त्यातून हिशेब मांडला. मूल जवळ असले की संशय येत नाही, आला तरी मार बसत नाही. आता पोटचे पोर रोज धोक्यात कोण घालणार? म्हणून दुसऱ्याचे आणावयाचे.

पहिले मूल कोल्हापुरातील एका भिकारणीचे होते. महालक्ष्मीच्या देवळापाशी सीमा चोरी करताना सापडली, लोक धावले, तेव्हा अंजनाबाईने कडेवरचे ते मूल जमिनीवर आपटले. रक्त पाहून साऱ्यांचे लक्ष तिकडे गेले आणि सीमा निसटली. मूल जखमी झाले होते, त्याचे रडणे थांबेना. रडणारे मूल लोकांचे लक्ष वेधते, आणि यांच्या धंद्यात लक्ष वेधले जाणे परवडत नाही. त्या रडण्यापायी अंजनाबाईने ते मारून टाकले.

यापुढील प्रकार मी येथे वर्णन करणार नाही. वर्तमानपत्रांनी ते चवीने छापले आणि माणसांनी चवीने वाचले. मला महत्त्वाचे वाटते ते त्यातील शिस्तीचे. लेथवरचे टूल बोथट झाले की धार लावतात. धार धरेनासे झाले की भंगारात टाकतात, त्याबद्दल कोणाला राग नसतो की लोभ नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या निकालात याच अर्थाचे सांगितले आहे : मुलांचा उपयोग संपताच त्यांना मारून निर्जन जागी टाकण्यात आले. मानसशास्त्राचे जाडे ग्रंथ मीही चाळले आहेत, पण या खटल्याची किल्ली मला ‘उपयोग’ या एका शब्दात सापडली.

येथे मुंबईच्या रामन राघवची आठवण होणे साहजिक आहे. 1965 ते 1968 या काळात त्याने फुटपाथवर व झोपड्यांत निजलेल्या कितीतरी गोरगरिबांना मारले. ऑगस्ट 1968 मध्ये तो पकडला गेला. मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासले तेव्हा आढळले की, जग दोन आहेत आणि आपण ‘कानून’ नावाच्या दुसऱ्या जगाचे प्रतिनिधी आहोत, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याची फाशी जाऊन जन्मठेप झाली ती या आजारामुळे. त्याचे मन फाटलेले होते. अंजनाबाईच्या मनात असे दुसरे जग मुळीच नव्हते. तिचे जग आपल्यासारखेच, भाड्याच्या खोलीचे आणि रोजच्या मिळकतीचे. तिची जात शोधावयाची तर एडिंबरोला जावे लागेल. तेथे 1828 साली बर्क आणि हेअर या जोडगोळीने सोळा माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्र शिकविणाऱ्या डॉक्टर नॉक्सला विकली. मेलेल्यांत बहुतेक निराधार, आश्रयाला आलेले. पुढे हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि बर्क एकटा फासावर गेला.

आपल्याकडेही माफीचा साक्षीदार निघाला, तो रेणुकाचा नवरा. पण त्याच्या तोंडून सारे बाहेर पडण्याआधी नाशकात जे घडले ते पाहिले पाहिजे.

अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याचा नवा संसार नाशकात होता. 1995 मध्ये तिने आणि मुलींनी त्याची नऊ वर्षांची मुलगी पळवून मारली. हा खून इतरांसारखा नव्हता. नऊ वर्षांची पोर कडेवर घेऊन कोणी चोरी करीत नाही. तिच्यापासून एक पैसाही मिळावयाचा नव्हता. येथे होता तो सवतीचा मत्सर, टाकून दिल्याचा डंख. धंद्यासाठी खून करणाऱ्या बाईने हा एक खून मनासाठी केला आणि तिचा हिशेब येथेच चुकला. कारण या मुलीची आई मारणाऱ्यांना नावानिशी ओळखत होती. कोणावर संशय घ्यावयाचा हे तिला ठाऊक होते. धाकट्या मुलीवरही त्यांचा डोळा आहे हे दिसले, तेव्हा पोलिसांत तिने दिलेल्या तक्रारीवरून 1996 च्या अखेरीस तिघी पकडल्या गेल्या.

कोल्हापूरच्या त्या भिकारणीने कोणाचे नाव सांगावयाचे होते? देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या बाईचे मूल नाहीसे झाले तर तिच्यापाशी पत्ता नाही, फोटो नाही, ठाण्यात तिला खुर्ची नाही. ज्यांची मुले घरादारांतील होती त्यांची हरवल्याची कागदपत्रे झाली असली तरी एका गावचा कागद दुसऱ्या गावच्या कागदाला भेटत नाही. तिघी बाया मात्र सर्व गावांतून फिरत होत्या. सहा वर्षांत त्यांच्या कडेवरची मुले बदलत गेली, आणि ‘बाई, परवाचे मूल कुठे गेले?’ असे विचारून कोणी त्यांना थांबविले नाही. राक्षसीण म्हटले की हा प्रश्न विचारावा लागत नाही, म्हणून तो शब्द मला आवडत नाही.

खटला कोल्हापुरास चालला. अंजनाबाई निकालापूर्वीच कोठडीत मेली. 2001 मध्ये सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, 2004 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खून सिद्ध झाले ते पाच. त्या स्त्रिया आहेत याखेरीज शिक्षा सौम्य करण्याजोगे काही नाही, असे सर्वोच्च न्यायालयास दिसले. मग दयेचे अर्ज झाले आणि ते या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले. राष्ट्रपतींनी 2014 मध्ये ते फेटाळले. या अर्जांना लागलेला वेळ उच्च न्यायालयाने पुढे मोजला तो सात वर्षे दहा महिन्यांचा निघाला.

18 जानेवारी 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईसाठी सरकारला दोष देऊन फाशीची जन्मठेप केली. पुष्कळांना तो निकाल रुचला नाही. मला तो बरोबर वाटतो. मान फासात ठेवून माणसाला वर्षानुवर्षे उभे करण्याचा अधिकार सरकारला नाही, समोर कोणीही असो. पंचवीस वर्षे तुरुंगात काढली, आता सोडून द्या, ही बहिणींची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही, आणि तेही मला बरोबर वाटते. माफीचा साक्षीदार झालेल्या नवऱ्याला यांतील कसलीच शिक्षा भोगावी लागली नाही.