तीव्र आम्लाच्या गणिताची कुळकथा

उप्साला विद्यापीठात १८८४ साली स्वांते अऱ्हेनियस यांनी प्रबंध सादर केला. मीठ किंवा आम्ल पाण्यात विरघळले की त्याचे आयन सुटे होतात, या सिद्धांताचे बीज त्यात होते. परीक्षकांना ते पटले नाही. प्रबंध जेमतेम पास झाला. त्याच सिद्धांतासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रोसेस सिम्युलेशनमध्ये ॲसिडचा प्रवाह मांडणारे आपण सगळे याच घराण्यातले.

पुढची पिढी झुरिकची. १९२३ मध्ये डेबाय आणि ह्युकेल यांनी आयनांमधल्या विद्युत ओढीचे सूत्र दिले. सूत्र देखणे, पण अतिशय पातळ द्रावणापुरते. कारखान्यात मात्र ९८ टक्क्यांचे सल्फ्युरिक ॲसिड असते. शंभर ग्रॅम ॲसिडचा हिशेब करा: आम्ल एक मोल, पाणी मोलचा जेमतेम नववा भाग. म्हणजे पाण्याच्या एका रेणूमागे आम्लाचे नऊ. प्रोटॉन घ्यायला पाणीच नाही, त्यामुळे बहुतेक आम्ल अखंड रेणूंच्या रूपातच राहते. ‘तीव्र आम्लाचे पूर्ण विघटन होते’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे लागू पडत नाही.

हा पेच सोडवायला दोन घराणी एकत्र यावी लागली. आयनविरहित द्रवांसाठी रेनॉन आणि प्रॉस्निट्झ यांनी १९६८ मध्ये एनआरटीएल समीकरण मांडले होते. एमआयटीत १९७६ पासून, अमेरिकी सरकारच्या पैशावर, ‘ॲस्पेन’ प्रकल्प सुरू होता. तिथल्या चाऊ-च्युन चेन यांनी सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये दूरच्या ओढीसाठी डेबाय-ह्युकेलचा पिट्झर यांनी सुधारलेला अवतार घेतला, जवळच्या शेजारासाठी एनआरटीएल घेतले, आणि दोन्हींची बेरीज केली. इलेक्ट्रोलाइट-एनआरटीएल ते हेच. माझ्या मते या कुळातले सर्वांत उपयोगी काम हेच.

तरीही द्रावणात कोणते आयन आणि कोणते अखंड रेणू धरायचे, हे शेवटी वापरणाऱ्यानेच पाहायचे असते. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे पूर्ण विघटन धरले, तर द्रावणात त्याचा रेणूच उरत नाही; मग त्याची वाफ होणार कुठून? स्क्रबरचे सगळे गणित तिथेच फसते.

वातावरणीय दाबाला हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे २०.२ टक्क्यांवर १०८.६ अंश सेल्सिअसला, आणि नायट्रिक सुमारे ६८ टक्क्यांवर १२०.५ अंशांना, प्रमाण न बदलता उकळते. फ्लोशीट रन करण्याआधी आपले मॉडेल हे आकडे देते का, एवढे जरूर तपासा.