ताडोबा : शिकारीच्या रानापासून व्याघ्र प्रकल्पापर्यंत

चंद्रपूरच्या उत्तरेकडील ताडोबाच्या रानाला संरक्षणाचे पहिले कवच कायद्याने नव्हे, तर श्रद्धेने दिले. तलावाकाठी मोठ्या वृक्षाखाली गोंडांचा देव ‘तारू’ याचे ठाणे असून, वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख म्हणून तो पुजला जातो आणि पौष महिन्यात तेथे जत्रा भरते. रस्त्याच्या कडेचे दगडी खांबही गोंड राजवटीतील संदेशवहनाचे अवशेष मानले जातात. पुढे 1878 च्या वन कायद्याने ‘राखीव वन’, म्हणजे ज्यात ग्रामस्थांचे चराईचे व लाकूडफाट्याचे हक्क सरकार मर्यादित करते असे जंगल, ही संकल्पना रुजवली; मात्र तिचा भर वन्यजीवांपेक्षा इमारती लाकडावर होता. ताडोबात शिकारबंदी झाली ती 1935 मध्ये. 1955 मध्ये सुमारे 116 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, तेव्हा हा प्रदेश मध्य प्रदेशात होता. 1986 मध्ये लगतचे अंधारी अभयारण्य निर्माण झाले आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प साकारला. त्यानंतर गाभा क्षेत्रातील, म्हणजे मानवी वापर वर्ज्य असलेल्या भागातील, काही गावांचे पुनर्वसन झाल्याने देवस्थानावरील पारंपरिक हक्क आणि संरक्षण यांतील ताण आजही कायम आहे.