फिट, लग्न आणि बाळंतपण : लपवण्याचा इतिहास

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, हे आपल्याला पाठ आहे. त्याच १९९८ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत मिरगी असलेल्या गरोदर बायांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. तिकडे नोंद सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे रिसोड-मानोऱ्याच्या एखाद्या मुलीला फिट येत असेल तर काय होत होतं, ते आज बघू.

आधी कायदा बघा. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. वेडाचे किंवा अपस्माराचे, म्हणजे मिरगीचे, वारंवार झटके येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र ठरली. असं लग्न कोर्टातून रद्द करून घेता येई. मग माहेरच्यांनी काय करावं? लपवलं. पण माहेरी लपवलं, की सासरी गोळ्या उघडपणे घेता येत नाहीत. १९९९ च्या अखेरीस संसदेने 'अपस्मार' हा शब्द त्या कलमातून काढून टाकला. कायदा बदलला, लपवण्याची सवय मात्र अजून पुरती गेलेली नाही.

या सवयीची किंमत बाळंतपणात मोजावी लागते. दिवस गेले की "औषध बाळाला बाधेल" म्हणून गोळी बंद होते. मग मोठी फिट येते, बाई पडते, तिचा श्वास अडखळतो, बाळाचा प्राणवायू कमी पडू शकतो. भीती अगदीच खोटी नाही, पण सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. २०१८ साली युरॅप या आंतरराष्ट्रीय नोंदणीने आकडे दिले. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या शंभरातल्या सुमारे १० बाळांत मोठे जन्मदोष दिसले. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम घेणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे ३ होतं. म्हणजे गोळी बदलायची तर ती दिवस जाण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. फॉलिक अ‍ॅसिडही तेव्हापासूनच घ्यायचं. ज्या घरात आजारच सांगितलेला नाही, तिथे हे कसं जमणार?

आणखी एक गोंधळ होतो. गरोदरपणात रक्तदाब वाढूनही झटके येतात, त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. तो आजार वेगळा, त्यावर मॅग्नेशियम सल्फेट देतात. १९९५ च्या मोठ्या चाचणीने हे औषध जास्त गुणकारी ठरवलं, आणि त्या चाचणीत भारतातल्या बायाही होत्या. बाई झटक्यात दवाखान्यात आली आणि जुनी मिरगी कुणी सांगितलीच नाही, तर डॉक्टरांनी नेमकं काय ओळखायचं?

मिरगी असलेल्या बहुतेक बायांची बाळंतपणं नीट होतात. त्या अंगावर पाजूही शकतात, फक्त डॉक्टरांना विचारून. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आपल्या घरातली सून, लेक तिथे जाईल तेव्हा गोळ्यांचं पाकीट सोबत द्या, आणि आशाताईंना आधीच सांगून ठेवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.