धांवत्या डब्यांतील गारवा

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज एकाएकीं गेली, लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, आणि भर उजेडांतसुद्धां विजेवांचून ह्या शहराचें काय काय अडतें हें दोनचार तासांत सर्वांना कळून आलें. माझे मामा दादरला हिंदु कॉलनींत राहतात. वय ऐंशीच्या पुढें, दम्याचा जुना विकार, आणि त्यांत ऑक्टोबरचा उष्मा. त्या दिवसाचा धसका घेऊन माझ्या मामेभावानें एक लहानसें, हातानें उचलून नेतां येईल असें, पेट्रोलवर चालणारें जनित्र विकत आणलें.

पुढें दोन वर्षांनीं मे महिन्यांतील एका रात्रीं त्यांच्या गल्लींतील केबल नादुरुस्त झाली. जनित्र इमारतीच्या मागल्या उघड्या जागेंत ठेवून तार खिडकींतून वर घेतली. दिवा लागला, पंखा फिरला. मग एअरकंडिशनरची कळ दाबली. आंत कांहीं तरी घुमल्यासारखें झालें, दिवा मंदावला, खालचें यंत्र घशांत घांस अडकावा तसें गुदमरलें, आणि सगळें शांत झालें. तीनदां प्रयत्न झाला, तीनदां हाच प्रकार. रात्रीं साडेअकराला मला दूरध्वनि आला. "दादा, जनित्रावर दोन हजार वॉट लिहिलें आहे आणि एअरकंडिशनरच्या पाटीवर सोळाशें. मग हिशेब चुकला कोठें?"

हिशेब बरोबर होता. परंतु तो फिरत्या यंत्राचा होता. एअरकंडिशनरच्या पोटांत वायु दाबणारा जो कॉम्प्रेसर असतो, त्याची मोटर एकदां फिरूं लागली म्हणजे सात अँपिअर विजेवर रात्रभर समाधानानें फिरते. परंतु ती थांबलेली असतां तिला पहिल्या प्रथम हलविण्यास ह्याच्या पांचसहापट वीज लागते. क्षणभरच लागते, पण लागते. चाळींतील पाण्याचा पंप सुरू होतांना जिन्यांतला दिवा एकदां डोळा मिचकावतो, तो ह्याच कारणानें. मुंबईच्या वीजजाळ्याला असे हिसके जाणवतही नाहींत. त्याच्या मागें घाटावरचीं धरणें आणि समुद्रकांठचीं वीजगृहें उभीं असतात. दोन हजार वॉटच्या पेटीजवळ मात्र नऊ अँपिअरपलीकडे देण्यासारखें कांहीं नसतें. तिच्याकडे एकदम चाळीस अँपिअरचें मागणें आलें कीं ती दार लावून घेते.

अमेरिकेंत चाकांवरचें घर घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबांना हाच पेंच नेहमीं पडतो. गाडीच्या छपरावर एअरकंडिशनर, मागें एक लहान जनित्र, आणि दोघांचें जमत नाहीं. परंतु चालत्या वाहनांत गारवा नेण्याची ही खटपट परदेशांतली किंवा आजकालची आहे असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्याच बॅलार्ड पिअरवर, मुंबई सेंट्रलवर, आणि माटुंगा व लोअर परळ येथील रेल्वेच्या कारखान्यांत तिचीं बरींच पानें लिहिलीं गेलीं आहेत. आज त्यांतलीं कांहीं चाळावीं असें मनांत आहे.

आरंभ वाळ्याच्या ताट्यांपासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकांतच जी. आय. पी. रेल्वेनें पहिल्या वर्गाच्या कांहीं डब्यांना ओल्या वाळ्यांतून वारा घेण्याची सोय केली होती. गाडीच्या वेगानें वारा आपोआप आंत येई, वाटेंत पाण्याची वाफ होई, आणि वाफ होतांना ती वाऱ्यांतील उष्णता घेऊन जाई. ह्या युक्तीला मोटर नको कीं जनित्र नको. दोष एकच, पण तो मुंबईच्या मुळावर येणारा. कोरड्या हवेंतच पाणी झटपट उडतें. इगतपुरी मागें पडून गाडी खानदेशाच्या झळांत शिरली म्हणजे वाळा अमृतासारखा वाटे; बोरीबंदर ते कल्याण मात्र आधींच ओलीचिंब असलेली हवा आणखी ओली होण्यापलीकडे कांहीं घडत नसे. मुंबईकराला गारवा हवा असेल तर हवेंतलें पाणी वाढवून भागत नाहीं, तें काढून घ्यावें लागतें. आणि तें काम फुकट होत नाहीं.

मग राहिला बर्फ. तो ह्या शहराला १८३४ पासून ठाऊक होता. अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या लांकडाच्या भुशांत गुंडाळून जहाजानें येथें येत. आज फोर्टांत जेथें के. आर. कामा प्राच्यविद्या संस्थेची इमारत आहे, तेथें त्या सांठविण्यासाठीं बर्फाचें कोठार बांधलेलें होतें. जमशेटजी जिजीभाईंनीं मेजवानींत आइसक्रीम दिलें आणि मंडळींना सर्दी झाली, तेव्हां परकी पदार्थ खाल्ल्याचें हें फळ, असा शेरा ‘मुंबई समाचारा’नें मारल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढें यंत्रानें बर्फ होऊं लागला. १९०३ सालीं ताजमहाल हॉटेल उघडलें तेव्हां सार्वजनिक वीजपुरवठा मुंबईंत यावयाचा होता. ट्रामवे कंपनीचें वाडीबंदरचें वीजगृह १९०५ चें. म्हणून जमशेटजी टाटांनीं हॉटेलसाठीं स्वतःचीच वीज केली आणि बर्फाचें यंत्रही बसविलें. आपल्या घरापुरतें जनित्र आणि त्यावर चालणारा गारवा ही कल्पना मुंबईंत इतकी जुनी आहे! परंतु हॉटेलला तळघर असतें, आणि पाहिजे तेवढें वजन तेथें बसवितां येतें. आगगाडीच्या डब्याला तळघर नसतें.

ह्या अडचणींतून १९३४ सालीं जी वाट निघाली तिच्या साधेपणाचें मला फार कौतुक वाटतें. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची फ्राँटियर मेल १ सप्टेंबर १९२८ रोजीं सुरू झाली होती. विलायतेची टपालबोट लागली म्हणजे बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून, एरवीं नेहमींच्या स्थानकांतून, ती सुरत, बडोदें, रतलाम, कोटा, मथुरा, दिल्ली, लाहोर असें करीत थेट पेशावरला जाई. उन्हाळ्यांत राजपुताना ओलांडणें म्हणजे भट्टींतून जाणें. १९३४ मध्यें ह्या गाडीला वातानुकूलित डबा जोडण्यांत आला, आणि त्यांत कॉम्प्रेसर नव्हता. डब्याच्या तळाशीं बंद पेट्या असत, त्यांत बर्फाच्या लाद्या रचीत, आणि बॅटरीवर चालणारा एक पंखा त्या लाद्यांवरून हवा ढकलून आंत सोडीत असे. बर्फ वितळे, पाणी रुळांवर गळून जाई, आणि ठराविक स्थानकें आलीं कीं पेट्या पुन्हां भरीत.

माझ्या मामेभावाच्या जनित्राला जें साधलें नाहीं तें येथें कसें साधलें हें पाहण्यासारखें आहे. वीज लागत होती ती फक्त पंख्यापुरती. गारवा तयार करण्याचें जड काम कोठें तरी दूर, जमिनीवर पक्क्या बसविलेल्या बर्फाच्या कारखान्यांत, गाडी येण्यापूर्वीच उरकलेलें असे. गाडी फक्त तयार झालेला गारवा घेऊन धांवे. पहिल्या हिसक्याचा प्रश्नच उद्भवत नसे. त्याऐवजीं दुसरा उद्भवे, वजनाचा आणि माणसांचा. आज आपण दुकानांत जाऊन ‘दीड टनी’ एअरकंडिशनर मागतों, त्या टनाचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. तो यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता बाहेर काढणारें यंत्र तें एक टनी. हा टन अमेरिकन मापाचा, म्हणजे सुमारें ९०७ किलोंचा. तेव्हां ज्या डब्याला पांच टनी गारवा हवा, त्याला दिवसरात्रींत साडेचार हजार किलो बर्फ लागणार. तो मध्यरात्रीं फलाटावर आंकड्यांनीं ओढून, गाडी सुटण्याच्या आंत डब्याखालीं कोंबणारीं माणसें लागणार. आंत पहिल्या वर्गाचे उतारू पांघरूण ओढून निजलेले असत. त्याच गाड्यांच्या डब्यांची दुरुस्ती करणारे कामगार परळच्या पत्र्याच्या छपराखालीं दिवसभर राबून रात्रीं लालबागच्या चाळींत गच्चीवर वळकट्या पसरीत. गारवा फुकट होत नाहीं असें मघाशीं म्हटलें, त्याची किंमत कोणाच्या खांद्यावर पडते हेंही बर्फाच्या काळांत डोळ्यांना दिसत असे. यंत्र आल्यावर तें दिसेनासें झालें एवढेंच.

यंत्र डब्यांत आणावयाचें तर वीज डब्यांतच व्हावयास पाहिजे. दिव्यांपुरती ती होतच होती. लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील जे. स्टोन कंपनीनें १८९० नंतरच्या दशकांत एक पद्धत काढली: डब्याखालीं डायनामो टांगावयाचा आणि चाकाच्या आंसावरून पट्टा घेऊन तो फिरवावयाचा. गाडी फार जोरांत गेली तर पट्टा घसरे आणि डायनामो मर्यादेंत राही. गाडी थांबली तर बॅटरी दिवे संभाळी. ही पद्धत हिंदुस्थानच्या रेल्वेंत दूरवर पसरली. तिचा पिंड तोच ठेवून, पुष्कळ मोठी करून, पुढें वातानुकूलित डबे चालूं लागले. असा डबा आपण आजही पाहूं शकतां. त्याच्या खालीं २५ किलोवॉटचीं दोन जनित्रें आणि ११० व्होल्टची बॅटरी असते, छपरावर सात सात टनी दोन गारव्याचीं यंत्रें असतात. माटुंग्याचा कारखाना १९१५ चा. तेथें आणि लोअर परळला असे डबे खोलून, तपासून, पुन्हां जोडून बाहेर काढण्याचें काम चालतें.

ह्या डब्यांत पहिल्या हिसक्याचा बंदोबस्त मोठ्या शिस्तीनें केलेला असतो. आंतला पंखा प्रथम सुरू होतो. मग बाहेरचे पंखे. मग कांहीं वेळ थांबून पहिला कॉम्प्रेसर, आणि तो स्थिर झाल्यावर दुसरा. सगळे एकदम उठले तर कोणालाच उठतां येणार नाहीं, हें ओळखून प्रत्येकाची पाळी लावलेली असते. शिवाय मोटरला वीज देणारें उपकरण तिला एकदम पुऱ्या वेगाची वीज न देतां हळूहळू चढवीत नेतें. आणि गाडी सुटण्यापूर्वी, यार्डांत उभी असतांनाच, शहराच्या विजेवर डबे आधीं थंड करून घेतात. पाहा, फ्राँटियर मेलची युक्तीच येथें वेगळ्या रूपानें आली: जड काम जमिनीवर उरका आणि मग निघा. तरीही उन्हांत सिग्नलापाशीं गाडी दोन तास खोळंबली तर बॅटरी उतरते, गारवा जातो आणि पंखे तेवढे राहतात. असा प्रसंग ज्यांनीं भोगला आहे त्यांनीं रेल्वेला नांवें ठेवण्यापूर्वी एवढें ध्यानांत घ्यावें कीं चाक फिरलें नाहीं तर ह्या डब्याला मिळकत नाहीं. तो शिलकीवर जगत असतो.

सर्वच डबे थंड असलेल्या गाडीला ही शिल्लक पुरेना. म्हणून १९६९ मध्यें हावडा-दिल्ली राजधानी निघाली तेव्हां तिला डिझेल जनित्रांचे स्वतंत्र डबे जोडण्यांत आले. आपल्या मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी १९७२ ची. जनित्राचा तो डबा फलाटावरून ओळखूं येतो तो त्याच्या घरघरीनें आणि धुरानें. माझ्या मामेभावाची पेटी हत्तीएवढी करावी तसा तो असतो. अलीकडे हीही पद्धत मागें पडत चालली आहे. एंजिन माथ्यावरच्या तारेंतून जी वीज घेतें तिच्यांतलीच कांहीं डब्यांना दिली जाते. २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर धांवूं लागलेली वातानुकूलित लोकलही तारेवरच गार होते. म्हणजे चाकांवरचा डबा शेवटीं पुन्हां मोठ्या वीजजाळ्याला जाऊन मिळाला.

परंतु तार तुटली म्हणजे? मामांच्या खोलींत त्या रात्रीं हाच प्रश्न होता, आणि घड्याळांत बारा वाजत होते. एक गोष्ट मीं आधीं बजावून सांगितली, ती आपणांसही सांगतों: जनित्र आवाज नको म्हणून किंवा चोरीच्या भीतीनें बंद गॅलरींत, जिन्याखालीं अथवा मोटारींत आणूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोंपलेला माणूस त्यानें जागा न होतांच जातो. तें बाहेरच राहूं द्यावें, खिडक्यांपासूनही दूर.

मग मामेभाऊ दादरच्या बाजारांत जाऊन ओळखीच्या मासेविक्रेत्याकडून दहा किलोंची एक लादी घेऊन आला. ती घमेल्यांत ठेवली, आणि जनित्रावर चालणारा मेजावरचा पंखा तिच्या मागें लावला. फ्राँटियर मेलचा डबाच म्हणाना! मामांना तासाभरानें झोंप लागली. मीं दुसऱ्या दिवशीं गणित करून पाहिलें. दहा किलो बर्फ वितळतांना जेवढी उष्णता घेतो, तेवढी त्यांचा दीड टनी एअरकंडिशनर साडेदहा मिनिटांत बाहेर टाकतो. हें मीं मामांना सांगितलें नाहीं.

त्याच वर्षीं दिवाळीनंतर त्यांनीं तो जुना एअरकंडिशनर काढून एक टनी, मोटरचा वेग हळूहळू चढविणारा नवा बसविला. जनित्र तेंच ठेवलें. मुख्य कळ बंद करून, तार खिडकींतून घेऊन, आम्हीं त्याची परीक्षा केली तेव्हां मामेभाऊ दिव्याकडे टक लावून उभा होता. दिवा मंदावला नाहीं.