ब्रिस्टल–बाथ रेल्वेपथ

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील ब्रिस्टल व बाथ या शहरांना जोडणारा, पादचारी आणि सायकलस्वार यांच्या सामाईक वापराचा डांबरी मार्ग. लांबी सुमारे २१ किमी. (१३ मैल), रुंदी साधारण ३ मी. बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागेवर तो १९७९ ते १९८६ या काळात तुकड्यातुकड्याने तयार झाला. मोटारींना मज्जाव आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायकलजाळ्यातील क्रमांक ४ च्या मार्गाचा तो भाग असून या जाळ्याची कल्पनाही इथल्याच कामातून वाढली.

ब्रिस्टलकडील भाग मूळचा कोळशाचा. १८३५ साली खाणींतून शहरात कोळसा आणण्यासाठी येथे घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचा लोहमार्ग सुरू झाला. स्टेपल हिलचा सुमारे ४७० मी. लांबीचा बोगदा मूळचा त्याच कामाचा. पुढे हा मार्ग मिडलँड रेल्वेकडे गेला आणि १८६९ मध्ये मँगट्सफील्डपासून बाथपर्यंत फाटा निघाला. तोट्यातले मार्ग बंद करण्याची शिफारस करणारा बीचिंग अहवाल १९६३ साली आला. त्यानंतर १९६६ मध्ये या फाट्यावरची प्रवासी वाहतूक थांबली. बाथच्या गॅस कारखान्याला कोळसा लागत होता म्हणून मालगाड्या १९७१ पर्यंत तग धरून राहिल्या. मग रूळ उखडले गेले.

सायकलस्वारांना ही जागा हवीशी वाटण्याचे कारण चढात आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, त्यामुळे आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. म्हणून रेल्वेवाल्यांनी टेकड्या कापल्या, सखल जागी भराव घातले, एव्हन नदीवर पूल बांधले. शंभर वर्षांपूर्वी ओतलेला हा पैसा सायकलस्वाराच्या पायाखाली आयता आला. शिवाय बहुतेक रस्ते मार्गाच्या वरून किंवा खालून जात असल्याने चौकात थांबणेही फारसे नाही. उणी बाजूही आहे: भराव किंवा खोल कटिंगमधून जाणारी वाट शेजारच्या वस्तीच्या पातळीवर नसते, त्यामुळे जागोजागी उतार बांधल्याखेरीज तिच्यावर चढता-उतरता येत नाही.

१९७७ साली ब्रिस्टलमधील काही सायकलप्रेमींनी ‘सायकलबॅग’ हा गट काढला. अभियंता जॉन ग्रिमशॉ त्याचे प्रमुख. बाथ ते बिटन हा पहिला तुकडा १९७९ मध्ये मुख्यतः स्वयंसेवकांनी फावडी-घमेली घेऊन उभा केला. या गटातूनच पुढे ‘सस्ट्रान्स’ ही धर्मादाय संस्था निघाली. काम दिसायला सोपे असते: स्लीपर गेल्यावर उरलेली खडी सपाट करायची, रोलर फिरवायचा. पण सुटी खडी सायकलच्या चाकाखाली सरकते, तेव्हा तिच्यावर बारीक चुरा दाबून बसवावा लागतो. कडेची गटारे आणि मोऱ्या साफ नसतील, तर कटिंगमध्ये पहिल्याच पावसात पाणी तुंबते. त्याहून अवघड काम जागा अखंड राखण्याचे. एक पूल पाडला किंवा मधला एखादा तुकडा विकला, की बाकीचे मैल लंगडे पडतात.

बिटनजवळ वेगळाच शेजार आहे. रेल्वेप्रेमींच्या संस्थेने तिथला काही भाग वाचवून पुन्हा रूळ टाकले आणि एव्हन व्हॅली रेल्वे या नावाने हौशी गाड्या सुरू केल्या. त्यामुळे तीनेक मैल सायकली आणि वाफेचे इंजिन एकमेकांच्या कडेने धावतात. मँगट्सफील्डला जुन्या स्थानकाच्या भिंती व फलाट उभे आहेत.

मार्गाला अडचण आली ती त्याच्या यशामुळे. ऑफिसला निघालेला सायकलस्वार आणि कुत्र्याला फिरवणारे आजोबा तीन मीटरांत मावतात, पण वेग जुळत नाही. घंटी वाजवावी की नाही, यावरूनही कुरबुर होते. २००८ साली ब्रिस्टलकडील भागावरून जलद बस नेण्याचा प्रस्ताव पुढे आला. रिकामी पट्टी दिसली की वाहतूक नियोजकांना ती मोकळी जागाच वाटते. नागरिकांनी जोरदार विरोध केल्यावर तो प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला.

याच धर्तीवर बाथच्या दक्षिणेस समरसेट अँड डॉर्सेट रेल्वेच्या जागेवर ‘टू टनेल्स ग्रीनवे’ हा मार्ग २०१३ मध्ये खुला झाला. त्यातील कूम डाउन बोगदा सुमारे १.६७ किमी. लांब असून त्याला हवेसाठी मधे एकही झरोका नाही. १९२९ मध्ये याच बोगद्यात धुराने गुदमरून एका मालगाडीवरचे कर्मचारी बेशुद्ध पडले, ताबा सुटलेली गाडी बाथच्या मालधक्क्यात जाऊन आदळली आणि तिघांचा मृत्यू झाला. आता आत दिवे आहेत आणि मध्यभागी ध्वनिमुद्रित संगीत ऐकू येते.